सिकलसेलवाल्या पोरांची ताई होणं म्हणजे नेमकं काय

मी सिकलसेलच्या पोरांची पीअर मेंटर आहे, म्हणजे तोच आजार असलेली, त्यांना सोबत करणारी ताई. बऱ्याच जणांनी विचारलं की हे पीअर मेंटर वगैरे नक्की असतं काय, पगार मिळतो का, आणि तू डॉक्टर नाहीस तर त्या पोरांना सांगतेस तरी काय. तर एकदाच सविस्तर लिहून टाकते, प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा येतो. पगार मिळत नाही. येण्याजाण्याचं भाडं मिळतं, फोनचा रिचार्ज मिळतो आणि मीटिंगला तर्री पोहे मिळतात, नागपूर आहे शेवटी. आणि "सांगतेस काय" याचं उत्तर असं की सांगते फार कमी, ते पुढे येईलच.

मला स्वतःला सिकलसेल आहे, म्हणजे आईबाबांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यातला एसएस. विदर्भात हे बोललं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही, घरात नाहीतर शेजारी कोणीतरी असतंच, पण पुण्यातल्या मैत्रिणी अजून मला "ते कॅल्शियमचं काहीतरी ना" असं विचारतात म्हणून थोडक्यात. आईकडून एक आणि बाबांकडून एक असे दोन्ही जीन सिकलचे आले की एसएस. एकच आला तर एएस, म्हणजे वाहक, त्यांना सहसा काही त्रास नसतो आणि म्हणूनच बहुतेकांना पत्ताही नसतो. माझे आईबाबा दोघंही एएस, दोघांनाही माहीत नव्हतं, आणि असं असलं की प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची. बाकीच्यांच्या तांबड्या पेशी १२० दिवसांच्या आसपास जगतात, आमच्या १० ते २० दिवसांत फुटून जातात, म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळे. शिवाय ऑक्सिजन कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग जिथे अडकल्या तिथे जे दुखतं त्याला क्रायसिस म्हणतात, आमच्याकडे सगळे अटॅकच म्हणतात. थंडी, पावसात भिजणं, ताप, जास्त पळापळ, पाणी कमी पिणं, कशानेही येतो. कधी कशानेच नाही, असाच येतो.

मी यात आले ती ओपीडीच्या रांगेतून. आमच्या दवाखान्यात एक संस्था सिकलसेलच्या पोरांसाठी काम करते, तिथल्या समुपदेशक मॅडम मला लहानपणापासून ओळखतात. त्यांचं म्हणणं होतं की पोरं छोटी असतात तोवर आई हात धरून आणते, गोळ्या देते, सगळं व्यवस्थित चालतं, पण तेरा-चौदाची झाली की बिघडतं. गोळी घेतली म्हणून सांगतात आणि घेत नाहीत. पुढे बालरोग विभागातून मोठ्यांच्या मेडिसिन ओपीडीत पाठवलं की तिथे गर्दी, नवे डॉक्टर, रांग मोठी, मग येणंच बंद, आणि एकदम दिसतात ते कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर. मॅडम म्हणाल्या, आमचं ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेत, तुझं ऐकतात का बघू. मी तेव्हा बीकॉम संपवून टॅलीचा क्लास करत होते, रविवार मोकळाच होता, हो म्हटलं.

ट्रेनिंग काही रविवारी होतं. मला वाटलं होतं आजाराची माहिती देतील, पीपीटी वगैरे. ती होती पण थोडीच, कारण आम्ही सगळे लहानपणापासून तेच ऐकत आलोय. पहिला खेळ असा होता की तीन मिनिटांत स्वतःबद्दल सांगा, सगळ्यांनी आपापली ॲडमिशनं, रक्त किती बाटल्या चढलं, कोणाचं प्लीहा काढलं, असं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या आता पुन्हा तीन मिनिटं, पण यात दवाखाना यायला नको. सगळे गप्प बसले हो. एक दादा शेवटी म्हणाला मला कबुतरं पाळायला आवडतात आणि मग तो जो सुटला की त्याला थांबवावं लागलं. ही गोष्ट मी अजून वापरते, नव्या पोराशी बोलताना पहिल्या फोनला आजाराचा विषय मी काढतच नाही.

बाकी नियम. डोस सांगायचा नाही, कुठलीही गोळी सुरू कर किंवा बंद कर म्हणायचं नाही, अगदी आपण स्वतः तीच घेत असलो तरी. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. रिपोर्टचे फोटो कोणाला फॉरवर्ड करायचे नाहीत. पोरगं अठराच्या आतलं असेल तर आईबापाची सही लागतेच, पण त्या फॉर्मवर पोराची स्वतःची सही पण घेतात, मला ते फार आवडलं, कारण माझ्या बाबतीत तोवर मला कोणी काही विचारून केलंच नव्हतं. त्याने सांगितलेलं घरी सांगायचं नाही, पण जीवाला धोका असेल, कोणी त्रास देत असेल, लग्न लावून देत असतील तर मॅडमना सांगायचंच, त्यातलं काही तर कायद्यानेच कळवावं लागतं, आणि हे पोराला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून ठेवायचं. १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं, दम लागणं, पोट डावीकडे फुगणं, तोंड वाकडं होणं किंवा हातपाय अचानक लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर आधी दवाखाना, ताई नंतर.

आणि एक वाक्य म्हणायला बंदी होती, "मला समजतं तुला काय होतं ते". आम्ही हसलो, म्हटलं आम्हाला नाही समजणार तर कोणाला. तर मॅडम म्हणाल्या तुझा अटॅक पाठीत येतो, तिचा मांडीत येतो, तुझे बाबा नोकरीवाले, तिचे मजुरीवाले, तुला काय समजतं? गप विचार. बरोबर होतं ते.

मला पहिली जी मुलगी दिली ती तेव्हा नववीत होती, नाव सांगणार नाही, इथे नववीवालीच म्हणते. गाव नागपूरपासून एसटीने दोन-अडीच तासांवर. फोन तिच्या बाबांचा, म्हणजे बाबा कामावरून आले की संध्याकाळीच बोलणं, आणि तेही स्पीकरवर ठेवून, मागे टीव्ही, आजी, कुकरच्या शिट्ट्या. मी विचारायचे कशी आहेस, ती म्हणायची बरी आहे. जेवली का? हो. शाळा? हो. एवढंच. मग फोन काकूंकडे, म्हणजे तिच्या आईकडे जायचा आणि काकूंना मात्र खूप बोलायचं असायचं. एकदा आवाज बारीक करून विचारलं, "तुमचं लगन जमलं का कुठी?" मला आधी राग आला, मग लक्षात आलं की त्या माझ्या लग्नाबद्दल विचारतच नाहीयेत. मी सांगितलं अजून नाही काकू, पण होऊ शकतं, एसएस असलं तरी होतं, मुलाचं रक्त तपासून घ्यायचं, त्याच्यात सिकल अजिबात नसेल तर मुलं सगळी वाहक होतील, आजारी नाही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या हे आम्हाले कोणी सांगितलंच नव्हतं.

नववीवालीची मुख्य तक्रार होती, म्हणजे तिची नाही, तिच्याबद्दल सगळ्यांची, की ती पाणी पीत नाही. प्रत्येक ओपीडी पेपरवर लिहिलेलं, भरपूर पाणी प्या. डॉक्टर ओरडले, सिस्टर ओरडल्या, आशाताई घरी येऊन सांगून गेल्या, बाबांनी दोन लिटरची बाटली आणून दिली आणि ती बाटली रोज संध्याकाळी अर्धी भरलेली परत यायची. अटॅक सारखे, आणि जास्त करून शाळा सुरू असताना, मे महिन्यात नाही. आता विचार करा, विदर्भातला मे, पंचेचाळीसचं ऊन, तेव्हा बरी आणि डिसेंबरात आजारी. काही जण म्हणाले थंडीने, ते पण असेल. घरचे म्हणाले शाळा बुडवायची नाटकं.

फोनवर हे सुटणार नव्हतं. ती गोळ्या घ्यायला ओपीडीत आली त्या दिवशी मी पण माझी तारीख तिथेच घेतली, काकू औषधाच्या खिडकीपाशी रांगेत आणि आम्ही दोघी खाली चहाच्या टपरीवर. मी पाण्याचं काढलंच नाही. मी विचारलं शाळेत बाथरूमला कधी जातेस.

आधी माझ्याकडे पाहत राहिली. मग जे बोलायला लागली. मुलींच्या बाथरूमची कडी तुटलेली, एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरायचं, पाणी नसतंच, तासाला विचारलं तर एक सर म्हणतात तुलेच काऊन सारखी लागते आणि मग पूर्ण वर्ग हसतो. तर ती सकाळपासून पाणीच पीत नाही. शाळा सुटल्यावर घरी येऊन पिते का, तर नाही, कारण रात्री गादी ओली होते. चौदा वर्षांची मुलगी, आतेबहिणीशेजारी झोपते, आणि गादी ओली होते, म्हणून दुपारी चारनंतर पाणी बंद. म्हणजे चोवीस तासांत ती पाणी पिणार कधी? हे तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना तर नाहीच, डॉक्टर पुरुष आणि मागे वीस लोक उभे.

मी तिला म्हटलं माझी दहावीपर्यंत व्हायची ओली. खोटं नाही, खरंच व्हायची. आणि यात आळशीपणा, भूत, सवय असलं काही नसतं, सिकलमध्ये किडनीला लघवी घट्ट करायला जमत नाही, ती पातळ आणि जास्त होते, म्हणून आपल्याला सारखी लागते आणि रात्री पण होते. तिला वाटत होतं जगात फक्त तिलाच होतं हे. तिचा तो चेहरा काही मी वर्णन करत बसत नाही, पण चहा संपेपर्यंत ती मला तुम्हीवरून तूवर आली होती.

पुढचं काम कंटाळवाणं आहे पण खरं काम तेच. तिला विचारून मॅडमना सांगितलं, मॅडमनी डॉक्टरांना, त्यांनी लघवी वगैरे तपासली, इन्फेक्शन नाही ना ते बघितलं. दवाखान्याच्या लेटरहेडवर शाळेला पत्र घेतलं की हिला वर्गात पाण्याची बाटली आणि न विचारता बाथरूमला जायची परवानगी द्यावी, पीटी आणि थंडीत सकाळच्या परिपाठाला बाहेर उभं करू नये. पत्र नुसतं दिलं असतं तर फाइलला लागलं असतं, काकू स्वतः गेल्या आणि तिथल्या एका मॅडमना भेटल्या, त्यांनी स्टाफचं बाथरूम वापरायला दिलं. सकाळी उठल्यावर आणि शाळा सुटल्यावर जास्त पाणी, रात्री दोनचा गजर. गजर आतेबहिणीने लावला, म्हणजे तिला पण आता माहीत झालं होतं आणि काही आकाश कोसळलं नाही. अटॅक बंद झाले का? नाही झाले. बंद होत नसतात ते. पण त्या वर्षी ती सहामाहीचे सगळे पेपर देऊ शकली.

गोळ्यांचं असंच असतं. हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्यायची, तिच्याने बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन वाढतं आणि अटॅक कमी होतात, अधूनमधून रक्त तपासून पेशी बघाव्या लागतात, हे सगळं पोरांना पाठ असतं. पण एकाने मोबाइलवर शोधलं आणि मला रात्री मेसेज, ताई ही कॅन्सरची गोळी आहे, आमच्यापासून लपवलं. आता ती काही कॅन्सरमध्ये देतात हे खरंच आहे, नाही म्हणून कसं चालेल. मी एवढंच लिहिलं की मी पण घेते, मला पण कॅन्सर नाही, बाकी प्रश्न कागदावर लिहून आण, ओपीडीत सोबत विचारू. दुसरी एक होस्टेलला राहते, ती घेत नव्हती कारण डबी रूममेटला दिसली असती. तिने व्हिटॅमिनच्या डबीवर उपाय स्वतःच काढला, मी डॉक्टरांना विचारून हो म्हटलं.

कॅज्युअल्टीसाठी आम्ही सगळ्या पोरांकडून एक कागद करून घेतो, लॅमिनेट करून. आजाराचं नाव, रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेहमीचा एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन. माझा नेहमीचा साडेसात असतो. रात्री ड्युटीवर नवीन डॉक्टर असला की साडेसात बघून घाबरतो आणि रक्त चढवायच्या मागे लागतो, दुखणं राहतं बाजूला. कागद दाखवला की बोलणं पुढे सरकतं. दुखणं दहापैकी किती हे पण आम्ही शिकवतो, कारण पोरं एकतर दहा सांगतात नाहीतर काहीच नाही, आणि शांत पडून मोबाइल बघणाऱ्या पोराला नऊ दुखतंय यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आम्ही मोबाइल बघतो कारण ओरडून काही होत नाही हे आम्हाला फार लवकर समजलेलं असतं.

एक बारावीवाला पण दिला होता मला, मुलगे मेंटर कमी होते म्हणून. त्याला पोलीस भरतीत जायचं होतं, रोज पहाटे मित्रांसोबत १६०० मीटरची प्रॅक्टिस आणि आठवड्याने ॲडमिट. मित्रांना त्याने सांगितलेलंच नव्हतं. माझ्या प्रत्येक मेसेजला अंगठा. मॅडमना म्हटलं हे माझ्याने होत नाही, याला दादा लागेल, तर कबुतरवाल्या दादाकडे दिला. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की सिकलमध्ये मुलांना प्रायापिझम नावाचा त्रास होऊ शकतो, त्या जागी दुखतं आणि ताठरपणा उतरत नाही, तासन्‌तास, आणि तो चार तासांवर गेला तर इमर्जन्सी असते, पण पोरं लाजेने सांगत नाहीत आणि कायमचं नुकसान करून घेतात. त्याला तो होता की नव्हता मला माहीत नाही, माहीत व्हायचं कारणही नाही, पण असलाच तर तो मला थोडीच सांगणार होता. पळणं त्याने सोडलं का तेही दादालाच माहीत. सध्या तो सायबर कॅफेत ऑनलाइन फॉर्म भरून देतो एवढं कानावर आलंय.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमधला एक मुलगा गेला. ताप आला, छातीत भरलं. मॅडमनी आम्हाला सगळ्यांना आधी बोलावून सांगितलं आणि म्हणाल्या व्हॉट्सॲपवर जायच्या आत आपापल्या पोरांना फोन करा. मी नववीवालीला केला, ती तेव्हा दहावीत गेली होती. ती म्हणाली त्याला हायड्रॉक्सी चालू होती का. मी म्हटलं ते त्याचं खासगी आहे. मग विचारलं, ताई आपण किती वर्षं जगतो गं. हा प्रश्न येणार हे ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं असतं, आकडा द्यायचा नाही, खोटा धीर पण द्यायचा नाही. मी तिला आमच्या ओपीडीतल्या काकांबद्दल सांगितलं, पन्नाशीचे आहेत, एसएस, नातवाला घेऊन येतात. आणि हेही सांगितलं की ताप आला त्या रात्रीच दवाखान्यात जायचं, सकाळ व्हायची वाट बघायची नाही. ती म्हणाली मग तुला ताप आला की तू जातेस का रात्री? म्हटलं जाते. "नक्की ना?" नक्की.

मी स्वतः जानेवारीत ॲडमिट होते, नागपूरची थंडी. अशा वेळी आमची पोरं दुसऱ्या ताईकडे जातात, तशी सोय आधीच असते, कारण मेंटरच आजारी पडणार हे सगळ्यांना माहीतच आहे. तर या नववीवाली बाईचा मला व्हॉइस नोट, पाणी पीत होती का तू, अन् स्वेटर घालून गेली होती का क्लासले. सलाइन लावलेल्या हाताने मी अंगठा पाठवला.

आता तिचं दहावीचं चाललंय. ज्यांच्या घरी दहावी-बारावीचं सिकलसेलवालं पोरगं आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्र मिळालं तर पेपरला तासाला २० मिनिटं जादा मिळतात, पण ते प्रमाणपत्र, ऑनलाइन नोंदणी, मेडिकल बोर्डाची तारीख, शाळेमार्फत अर्ज, यात महिने जातात, डिसेंबरात धावपळ करून होत नाही. आणि प्रमाणपत्र काढलं म्हणजे पोरीच्या कपाळावर शिक्का बसला असं म्हणणारे नातेवाईक भेटतील, त्यांना पेपर लिहायला बसवा तीन तास मांडी दुखत असताना. २०२३ च्या जुलैत केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, तेव्हापासून तपासण्या बऱ्याच वाढल्यात, म्हणजे ज्यांना आपल्याला काय आहे हे आत्ताच समजलंय अशी पोरं पण येतात आता. सोल्युबिलिटीचा, म्हणजे पहिल्या साध्या तपासणीचा रिपोर्ट नुसता पॉझिटिव्ह येतो, एएसला पण आणि एसएसला पण, एएस की एसएस ते सांगणारी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी होईपर्यंत घरात रडारड आणि गावात भलत्याच आजाराची चर्चा. ही पोरं सांभाळायला वेगळी ट्रेनिंग लागणार आहे, त्यावर मॅडमचं काम चालू आहे.

नववीवाली, म्हणजे दहावीवाली, मागे लागलीय की मला पण मेंटर करा. अठरा पूर्ण लागतात, तिला हा नियम मूर्खपणाचा वाटतो, मॅडमशी भांडली पण.

पुढची बॅच जूनमध्ये आहे. मुली भरपूर येतात, मुलगे येत नाहीत, तेव्हा वाचणाऱ्यांमध्ये कोणी एसएस दादा असेल, अठराच्या वरचा, किंवा ओळखीत असेल, तर ओपीडीत समुपदेशकांकडे नाव द्या. नागपुरातच राहायला हवं असं नाही, बरंचसं फोनवर होतं. गडचिरोलीकडच्या पोरांसाठी गोंडी किंवा माडिया बोलणारा कोणी मिळाला तर सगळ्यात आधी तो हवाय.